जुनी डॅटसन घ्यायची, पण पैसे कुठे जातात?

प्रश्न : सर, अमेरिकेतला माझा भाऊ १९७१ ची डॅटसन २४०झेड ही जपानी स्पोर्ट्स कार घ्यायची म्हणतोय, फोटोत रंग एकदम मस्त दिसतोय, घेऊ दे का? – एक वाचक, दादर

उत्तर : अहो, रंगावर जाऊ नका! नवी असताना ही गाडी तिकडे साडेतीन हजार डॉलरच्या आसपास मिळायची आणि २०२० मध्ये एका जपलेल्या गाडीला ऑनलाइन लिलावात ३ लाख १० हजार डॉलर आले, पण तो भाव प्रत्येक गाडीचा नाही. इंजिन सहा सिलिंडरचं, दणकट, ते उघडून नीट होतं, खरा खर्च पत्र्याचा. भावाला म्हणावं बॅटरी काढून खालचा ट्रे बघ, ॲसिड सांडून पत्रा तिथेच कुजतो, मग कार्पेट उचलून फ्लोअर ठोकून बघ, भुसभुशीत लागला की कापून वेल्डिंग आलंच, आणि त्यात गाडीच्या किमतीएवढे पैसे सहज जातात. मुंबईच्या पावसाळ्यात गाडी वापरणाऱ्याला गंज काय ते सांगायला नको. दोन पैसे जास्त गेले तरी बिनगंजाचीच घ्या.