मशीन ८० म्हणतं, मीटर ७२

नमस्कार,

मुलगा बीएस्सी फिजिक्स झालाय, वर्षभर दवाखान्यांतली एक्स-रे मशीन तपासतोय, आणि त्याने ते सोडून एमपीएससीला बसावं, असं तुम्हाला वाटतं. तुमच्या तीन पानी पत्रात ‘नातेवाईक विचारतात’ चार वेळा आलं. त्याला काय हवंय, ते एकदाही आलं नाही. त्याच्या मार्कांपेक्षा मला याची जास्त काळजी वाटते.

तुम्ही लिहिता, “मीटर ठेवायचा, आकडा वाचायचा, सही करायची. त्यात कसलं शिक्षण?” पण त्याच पत्रात तक्रार आहे, की एकदा तो रात्री अकराला घरी आला, कारण मशीन ८० केव्ही (किलोव्होल्ट, म्हणजे एक्स-रे ट्यूबवरचा विद्युतदाब) दाखवत होतं, मीटर ७२, आणि तो सही करेना. काका, खरं काम तेच! फरक ५ केव्हीपर्यंत चालतो, ८ चालत नाही. पण चूक मशीनची की मीटरची? हा केव्ही मोजणाऱ्या केव्हीपी मीटरमध्ये वेगवेगळ्या जाडीच्या फिल्टरखाली दोन डिटेक्टर असतात. त्यांच्या सिग्नलच्या गुणोत्तरावरून केव्ही निघतो. मीटर ट्यूबच्या लांबीला आडवा न ठेवता समांतर ठेवला गेला, तर दोघांवर सारखे किरण पडत नाहीत आणि आकडा चुकू शकतो. म्हणून आधी मीटर फिरवून बघायचा. मग ६०, ८०, १०० केव्हीवर पुन्हा पुन्हा एक्स्पोजर. मग दुसरा मीटर आणायचा. किरणांचा डोस मोजणाऱ्या उघड्या आयन चेंबरची (बाहेरचीच हवा आत असलेल्या मोजणी-कुपीची) गोष्ट आणखी वेगळी: महाबळेश्वरला हवा विरळ, दाबाची दुरुस्ती विसरलात तर आकडा मुंबईपेक्षा सुमारे १५ टक्के कमी येतो. कॅलिब्रेशनचं सर्टिफिकेट बॅगेत असूनही.

किरणांमुळे लग्न जमणार नाही, ही भीती सोडा. मशीन बंद झालं की किरण संपले. अंगात, खोलीत काही उरत नाही. तो आडोशामागून काम करतो आणि अंगावर किती किरण पडले ते नोंदवणारा त्याचा टीएलडी बॅज दर तीन महिन्यांनी तपासला जातो.

पुढे शिकायचं असेल तर एमएस्सी फिजिक्स आणि त्यानंतर भाभा अणुसंशोधन केंद्रातला रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा. एमपीएससीबद्दल मी तुम्हाला काहीच सांगणार नाही. तो प्रश्न त्याचा आहे. पुढचं पत्र त्याला लिहू द्या, तुम्ही न वाचता पाठवा.

आणि त्या रात्री शेवटी कोण चुकलं होतं, मशीन की मीटर, हे तुमच्या पत्रात नाही. आज जेवताना त्याला विचारा.