आठवीतला भाचा वर्गात बोलत नाही, सारखी मारामारी करतो. त्याला शाळेच्या वार्तापत्रात घालावं का?

जरूर घाला. फक्त त्याला कविता किंवा 'माझे मनोगत' लिहायला लावू नका. बातमी आणायला पाठवा.

तुम्ही लिहिलंय की भाचा गावाहून ऐरोलीला तुमच्याकडे राहायला आला, तेव्हापासून गप्प असतो, मधल्या सुट्टीत हाणामारी ठरलेली, आणि शुद्धलेखन कच्चं म्हणून बाई त्याला वार्तापत्रात घ्यायला तयार नाहीत. मी ठाण्यात वागळे इस्टेटजवळच्या एका शाळेत मराठी शिकवते आणि मुलांचं भित्तिपत्रक बघते. अशी मुलं दर वर्षी माझ्या वर्गात असतात.

नववीतला एक मुलगा सांगते. वडील घर सोडून गेलेले, आई त्याला घेऊन किसननगरला मामाच्या खोलीत आलेली. कुणी बापाचं नाव काढलं की याचा हात उठायचा. शिक्षा म्हणून कितीतरी तास तो वर्गाबाहेर उभा असे. पण व्हरांड्यात उभं राहून त्याला जे दिसत होतं, ते वर्गात बसलेल्यांना दिसणं शक्य नव्हतं. दुपारच्या शाळेची लहान मुलं लवकर येऊन पोचतात. सकाळची शाळा सुटेपर्यंत फाटक बंद, त्यामुळे ती उन्हात रस्त्यावरच उभी राहतात, आणि तिथेच रिक्षा-टेम्पो वळतात. एकदा हे सगळं तो माझ्यासमोर रागाने बोलला. मी म्हटलं, ही बातमी आहे, पूर्ण करून आण.

पूर्ण करायची म्हणून त्याला घड्याळ बघून मुलांच्या यायच्या वेळा टिपाव्या लागल्या. इतक्या लवकर का सोडता, हे आयांना विचारावं लागलं. त्यातल्या बऱ्याच जणींना पुढे कामावर पोचायचं असतं, हे तेव्हा कळलं. मग वॉचमनकाका. ते म्हणाले, सकाळची पोरं सुटतात तेव्हा लोंढा येतो, त्यात ही चिमुरडी आत घेतली तर तुडवली जातील. त्याला हे पटलं नव्हतं, तरी लिहावं लागलं. रागीट मुलाला ही सक्ती फार उपयोगाची असते, असं माझं ठाम मत आहे. दुसऱ्याची बाजू त्याच्याच शब्दांत उतरवून घेताना हात उगारता येत नाही.

शेवटी तो वही घेऊन मुख्याध्यापिकांच्या खोलीत गेला. त्या खोलीत तोवर त्याला फक्त तक्रार आली की बोलावलं जायचं. त्या दिवशी बाईंनी त्याला खुर्ची दिली, कारण प्रश्न तो विचारणार होता. सगळं तिथून पालटत गेलं. मुलाला बोलतं करायचं म्हणून आपण त्याला स्वतःबद्दल बोल म्हणतो. ज्याच्या घरातलं आधीच चारचौघांत उघडं पडलंय, त्याला नेमकं तेच नको असतं. पण दुसऱ्याला प्रश्न विचारायचा हक्क दिलात तर तो बोलतो, आणि चांगलं बोलतो.

बातमी लागल्यावर लहान मुलांना तळमजल्याच्या व्हरांड्यात बसू देऊ लागले. त्याच्या मारामाऱ्या एकदम थांबल्या नाहीत, कमी होत गेल्या.

आता शुद्धलेखन. बाईंना सांगा की त्यावरून मुलाला अडवायचं कारण नाही. दिल्लीत रस्त्यावर राहणारी, काम करणारी मुलं 2003 पासून 'बालकनामा' नावाचं वर्तमानपत्र चालवतात. ज्यांना लिहिता येत नाही ती मुलं तिथे 'बातूनी' रिपोर्टर होतात: ती तोंडी सांगतात, लिहिणारी उतरवून घेतात. माझ्या त्या नववीतल्या मुलानेही पहिली बातमी सांगितली, लिहिली वर्गातल्या मुलीने. दुसरी त्याने स्वतः लिहायला घेतली आणि 'पाणी'तला 'णी' पहिला की दुसरा, हे आपणहून विचारायला आला. लोक वाचणार म्हटल्यावर ऱ्हस्व-दीर्घाची काळजी आपोआप वाटू लागते. फ्रान्समधल्या सेलेस्तँ फ्रेने या खेड्यातल्या शिक्षकाने 1920 च्या दशकात वर्गात छोटा छापखानाच आणला होता. मुलं आपला मजकूर स्वतः अक्षरांचे खिळे जुळवून छापायची आणि दूरच्या शाळेतल्या मुलांना पाठवायची. तुमच्या शाळेला एवढं काही करायला नको, चार्ट पेपर आणि झेरॉक्स पुरे.

पाठवण्याआधी बाईंना दोन गोष्टी विचारून घ्या. मुलाच्या मजकुरात बदल केला तर छापण्याआधी त्याला दाखवणार का? आणि बातमीत शाळेबद्दल काही आलं तर शाळा त्याच पत्रात उत्तर देणार का? नुसते स्नेहसंमेलनाचे आणि बक्षिसांचे फोटो लागणार असतील, तर त्या वार्तापत्राचा तुमच्या भाच्याला काही उपयोग नाही. त्यापेक्षा सोसायटीच्या सूचनाफलकावर त्याला जागा मिळवून द्या. पाणी कधी येणार, लिफ्ट का बंद आहे, याची खरी बातमी त्याला आणू दे.

एक गोष्ट मात्र वेगळी ठेवा. तो नीट झोपत नसेल, जेवत नसेल, स्वतःला इजा करायचं बोलत असेल, तर वार्तापत्रावर विसंबू नका. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालतो. तिथे आजच बोला, आणि शाळेतल्या समुपदेशकांनाही भेटा.

पहिला अंक घरी आला की त्याची बातमी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला तुम्ही घ्या, त्याला वाचायला लावू नका. मग बातमीतल्या माणसांबद्दल विचारा: ते काका अजून काय म्हणाले, तू त्यांना गाठलंस कुठे? त्याच्या बाबांबद्दल, गावाबद्दल विचारू नका. ते तो सांगेल तेव्हा ऐकायला वेळ काढा.