हार्नेस रेसिंगमध्ये, म्हणजे घोडागाडीच्या शर्यतीत, चालक घोडा मुद्दाम मागे ठेवतात, तरी पंच गप्प का असतात?

मागे ठेवणं म्हणजे लबाडीच असं नाही. आपल्या चिकोडी-निपाणीकडे शर्यतीत बैलगाडी सुटली की जीव तोडून पळवायची, म्हणून ते खटकतं. तिकडे दोनचाकी गाडीला जुंपलेला घोडा ठरलेल्या चालीनेच पळतो. चौखूर उधळला तर चालकाने आवरून पुन्हा चालीवर आणायचा, त्या गडबडीत पुढे सरकायचं नाही. पुढच्या गाडीच्या आडोशाला राहिलं की वारा कमी लागतो, शेवटासाठी दम उरतो. बाहेरून, आडोशाविना पळणारा घोडा लवकर थकतो. आघाडीवरचा चालकसुद्धा मुद्दाम वेग उतरवतो आणि अखेरीस एकदम सोडतो. हे सगळं नियमात बसतं.

पंच बघतात ते हे, की जिंकायची संधी असताना घोडा खरंच पळवला का? चित्रफीत तपासून चालकाला जाब विचारतात, उत्तर पटलं नाही तर निलंबन. घोड्यांची उत्तेजकांसाठी तपासणीही होते.

आपल्याकडे कर्नाटकाने २०१७ मध्ये कायदा बदलून बैलगाडी शर्यतीला वाट दिली, १८ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने तो बदल उचलून धरला. आता झेंडा घेऊन उभ्या पंचाने नुसता निकाल देऊन भागणार नाही. बैलाला टोचणाऱ्या गाडीवानाला तिथल्या तिथे बाद करणारा पंच प्रत्येक मैदानावर हवा.