४५ अंशांत फेकलेली वस्तू सर्वात लांब जाते, मग गोळाफेकीत खेळाडू कमी कोनात का फेकतात?

४५ अंशांचं उत्तर बरोबर आहे, पण ते तोंड जमिनीला टेकलेल्या तोफेसाठी. गोळा खेळाडूच्या हातातून सुटतो तो जमिनीपासून साधारण दोन मीटरवर. सुटला त्या उंचीला परत आल्यावरही त्याला आणखी दोन मीटर खाली यायचं असतं, आणि तेवढ्या वेळात पुढे नेतो तो आडवा वेग. म्हणून कोन थोडा खाली आणलेला फायद्याचा. सेकंदाला १० मीटर वेग धरून गणित मांडलं तर उत्तम कोन ४० अंशांच्या आसपास येतो.

तरी कसलेले खेळाडू ३५ च्या जवळपास फेकतात. ते का, हे मला वहीत नाही, मैदानावर कळलं. अकरावीत भौतिकशास्त्र नुकतंच शिकलो होतो. ५ किलोचा गोळा मानेला लावला आणि मुद्दाम उंच फेकला. फक्कीच्या पहिल्या रेषेपाशीच धप्प! सर म्हणाले, "कैऱ्या पाडायच्यात का?"

गोची अशी की वर ढकलताना वेगच कमी पडतो. एक तर गोळ्याचं वजन उचलण्यात जोर जातो, आणि दुसरं म्हणजे छाती-खांद्याची ताकद समोर जास्त लागते, वर कमी. जिममध्ये जाणाऱ्याला विचारा: सपाट बाकावर पडून जेवढं वजन ढकलता येतं, तेवढं डोक्यावर नेता येत नाही. कागदावर आपण वेग तोच ठेवून फक्त कोन बदलतो. हाताला ते जमत नाही.

आता आकडे बघा. वेग १० असताना ४५ अंशांत गोळा ११.९१ मीटर जातो, ३५ अंशांत ११.८८. फरक तीन सेंटिमीटर! पण कोन खाली आणल्यामुळे वेग १०.५ झाला, तर तोच गोळा १२.९० मीटरवर पडतो. रायन क्राउझरने २०२३ मध्ये २३.५६ मीटरचा विश्वविक्रम केला, त्यासाठी वेग सेकंदाला १४ मीटरच्या पुढेच लागतो.

(हवेचा अडथळा इथे सोडून दिला तरी चालतो. भालाफेकीत मात्र नाही, तिथे हवाच अर्धा खेळ खेळते.)

तुम्ही स्वतः फेकत असाल तर कोनमापक घरी ठेवा. बाजूने मोबाइलवर स्लो मोशन घ्या आणि गोळा सुटताना मागचा पाय पूर्ण ताणला गेलाय का ते बघा. माझा कधीच ताणला जात नव्हता.