‘परवा’ म्हणजे कोणता दिवस?

प्रश्न : रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी डिस्पॅच सांभाळतो. बुधवारी सेल्सचा मेसेज आला, “परवाच्या ऑर्डरचं चलान काढून ठेवावं.” मी सोमवारी आलेल्या ऑर्डरचं काढलं, त्यांना शुक्रवारी जाणारी हवी होती. शुक्रवारी गाडी गेटवर उभी आणि कागद तयार नाहीत. चूक कोणाची?

उत्तर : चूक वाक्याची आहे. मराठीत ‘परवा’ मागचाही असतो आणि पुढचाही. ‘परवा आली’, ‘परवा जाईल’ म्हटलं की क्रियापदावरून कळतं. ‘परवाच्या ऑर्डरचं’ यात तो आधारच उरत नाही. हिंदी बोलणाऱ्या ड्रायव्हरशी ‘कल’ आणि ‘परसों’ची हीच गत. म्हणून वार आणि तारीख दोन्ही लिहा : ‘शुक्रवार, १४ जून’. दोन्ही जुळले नाहीत तर वाचणारा तिथेच अडतो आणि विचारतो; नुसत्या तारखेतली चूक तशीच पुढे जाते. महिना अक्षरांतच हवा, कारण ५/६ हा कुणाला ५ जून वाटतो, कुणाला ६ मे. ‘गुरुवारी रात्री १२’ नको, ते बुधवार संपतानाचे की गुरुवार संपतानाचे हे कळत नाही; ‘गुरुवारी रात्री ११:५५’ लिहा.

त्या मेसेजमधला ‘काढून ठेवावं’ही तितकाच घातक. कोणी काढायचं? ‘आपण पाठवू या’, ‘आपण पाठवावं’ यांतही ‘आपण’ कधी सगळे, तर कधी आदराने ‘तुम्ही’; मग दोघंही एकमेकांची वाट बघतात. मेसेज असा हवा होता : “शुक्रवार, १४ जूनला सकाळी ७ वाजता जाणाऱ्या ऑर्डरचं चलान डिस्पॅचने गुरुवारी संध्याकाळी ५ च्या आत काढावं. माल : ५ बॉक्स, प्रत्येकी २४, एकूण १२० नग.” नुसतं ‘५ पाठवा’ म्हटलं तर पाच बॉक्स की पाच नग, हा घोळ ठरलेला.

‘झालं’ हा शब्दही तपासून घ्या. पॅक झालं, गाडीत भरलं, गेटबाहेर गेलं, यांतलं नेमकं काय?

फोनवर, त्यातही मशीनच्या आवाजात, एकोणसाठ आणि एकोणसत्तर सारखेच ऐकू येतात. आकडे सुटे बोला, ‘पाच-नऊ’, आणि समोरच्याकडून परत म्हणवून घ्या.

प्रश्न : मी ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या ऑफिसात आहे. साहेब ‘बघू’, ‘करतो’ एवढंच म्हणतात. पुन्हा विचारणं उद्धटपणाचं वाटेल का?

उत्तर : ‘नक्की ना?’ विचारलंत तर टोचेल. त्याऐवजी तुम्हाला काय समजलं ते लिहून पाठवा : “सर, नवे दर तुम्ही सोमवार, १७ जूनला देणार, मी मंगळवारी दुपारी ३ पर्यंत कोटेशन पाठवते. बदल असल्यास सांगा.” इथे ‘नवे’ गाळू नका. नुसतं ‘दर सोमवारी देणार’ लिहिलं तर प्रत्येक सोमवारी, असाही अर्थ निघतो. उत्तर आलं नाही तर तो होकार धरू नका. आणि ‘बघू’ला होकार न समजता, “सर, कधीपर्यंत कळेल?” एवढं त्याच वेळी विचारा.