काच काढण्यापूर्वी चित्राच्या कडा पाहा

आजोळहून आलेले लक्ष्मीचे जुने चित्र तैलचित्र आहे की छापील, आणि फ्रेमवाल्याच्या म्हणण्याप्रमाणे काच काढून ते कॅनव्हाससारखे ताणून घ्यावे का, हा आपला प्रश्न वाचून मला राहवले नाही, कारण नेमक्या याच सल्ल्यापायी आमच्या गिरगावच्या घरातले सरस्वतीचे चित्र कायमचे खराब झाले. मी संवर्धनातला तज्ज्ञ नाही; एका चित्राचे नुकसान करून जे शिकलो, तेवढेच लिहितो.

आपल्या वर्णनावरून ते ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रासारखे दिसणारे छापील चित्र, असावे. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या छापखान्यातून आणि त्याचे अनुकरण करणाऱ्या इतरांकडून अशी चित्रे घरोघरी पोहोचली. प्रत्येक रंगासाठी छपाईची वेगळी शिळा, तेलात कालवलेली शाई, वरून वॉर्निश आणि पुष्कळदा कापडाच्या विणीचा दाबून उमटवलेला ठसा, यांमुळे चित्र हुबेहूब तैलरंगातले वाटते. पण त्याचा पाया कागदाचा असतो.

हेच माझ्या लक्षात आले नाही. फ्रेमच्या एका जुन्या दुकानात मला ठामपणे सांगितले गेले की हा कॅनव्हास आहे, त्याला हवा लागली पाहिजे. कापडावरची तैलचित्रे बिनकाचेची लावतात हे खरे असल्याने मी विश्वास ठेवला. जूनमध्ये काच काढली आणि ऑगस्टपर्यंत कागद ओल धरून फुगला, कडांना तपकिरी डाग पडले. त्यातच मी ते ओलसर कापसाने पुसले. वॉर्निशच्या भेगांतून पाणी आत शिरले आणि वीणेजवळचा रंग कागदाच्या पापुद्र्यासकट निघाला. पावतीवर 'कॅनव्हास' असे लिहिलेले असूनही दुकानदाराने जबाबदारी झटकली आणि उपाय म्हणून चित्र प्लायवुडवर चिकटवून देण्याची तयारी दाखवली. ज्याला कागद आणि कापड यांतला फरक ओळखता येत नाही, त्याने लोकांच्या घरातल्या जुन्या चित्रांना हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

केवळ पाठ पाहून निर्णय घेऊ नका, कारण काही ओलिओग्राफ मागून कापडावर चिकटवलेले असतात. कडेला कागदाचा थर दिसतो का ते पाहा आणि दहापट भिंगाखाली चेहरा तपासा. छापील चित्रात रंगांचे दाणेदार ठिपके दिसतात, तैलचित्रात दिसत नाहीत. शिवाय छापाचा पोत चेहऱ्यावर आणि आकाशात एकसारखाच असतो. खऱ्या चित्रात तो कुंचल्याच्या दिशेने बदलतो.

ताणलेलेच चित्र हवे असेल, तर मूळ चित्र स्कॅन करून कॅनव्हासवर प्रिंट काढून घ्या. हल्ली 'ऑइल पेंटिंग स्टाइल' म्हणून जे विकले जाते, ते बहुधा असेच इंकजेटने छापलेले कापड असते, आणि त्यावरचे उठावदार फटकारे पारदर्शक जेलचे असू शकतात. शोभेसाठी त्यात काहीच वावगे नाही. मात्र तैलचित्राची किंमत त्याला देऊ नये.

मूळ चित्र काचेतच राहू द्या, पण काच कागदाला टेकू देऊ नका. मध्ये अ‍ॅसिड-फ्री माउंट, म्हणजे आम्ल नसलेल्या जाड पुठ्ठ्याची चौकट, घाला. पावसाचा मारा बसणाऱ्या भिंतीवर ते लावू नका आणि फ्रेमच्या मागे खालच्या दोन्ही कोपऱ्यांत बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे भिंतीची ओल थेट चित्रापर्यंत पोहोचणार नाही.