भरताच्या पार्टीत कोण कशाला हसतं

प्रिय भाऊ,

तुझा मेसेज दोनदा वाचला. मोबाईलवर दोन ओळी ठोकून उत्तर देण्यासारखा तो नव्हता, म्हणून सरळ कागद घेतला. घरी कुणी काही विचारलं की डोकं फिरतं, रात्री उशिरापर्यंत झोप लागत नाही, आणि धुळे रोडवर ट्रिपल सीट गाडी पळवताना मात्र एकदम मोकळं वाटतं, असं लिहिलंस. शेवटी विचारलंस, ‘सर, मी वाया चाललोय का?’

नाही. पण ज्या दोन ठिकाणी तुझा दिवस जातो, घर आणि तुमचा तो पारावरचा ग्रुप, तिथं काय चाललंय ते जरा बघू. घरचे म्हणतात, पोरगा दोस्तांच्या नादी लागला. तू म्हणतोस, घरात बसवत नाही म्हणून दोस्तांकडे जातो. दोघांचंही अर्धंच खरं आहे, आणि दोन्ही अर्धी एकमेकांत अडकलेली आहेत.

आधी घर. कापूस विकून सोसायटीचं कर्ज फिटलं नाही, तेव्हापासून आई-वडिलांची रात्री भांडणं होतात आणि मधल्या पत्र्याच्या भिंतीतून शब्दन् शब्द ऐकू येतो, असं तू लिहिलंस. भांडणं कुठल्या घरात नसतात? मार्क कमिंग्ज नावाच्या मानसशास्त्रज्ञाने पोरांवर आई-वडिलांच्या भांडणाचा काय परिणाम होतो यावर वर्षानुवर्षं काम केलं. त्यातली एक गोष्ट मला फार पटते. भांडण मिटलेलं पोराला दिसलं, तर त्याचा धसका बराच कमी होतो. तुमच्याकडे भांडण ऐकू येतं, मिटलेलं कधी दिसत नाही. सकाळी आई चहा ठेवते, वडील डबा घेऊन शेतात जातात, आणि तू रात्रभर उद्या काय होईल याचा हिशेब करत जागा. तुझ्या चिडचिडीत निम्मा वाटा या जागरणाचा आणि या धसक्याचा आहे. तो तुझा स्वभाव नाही. हे भांडण मिटवणंही तुझं काम नाही, एवढं लक्षात ठेव.

मग माय दारात विचारते, ‘कथा चालना रे?’ (कुठं चाललास रे?) तू म्हणतोस, ‘आठेच.’ (इथंच.) संपलं बोलणं. त्यानंतर वडील मोबाईल तपासतात, चुलतभावाला मागे पाठवतात, आणि तू आणखी लपवतोस. स्वीडनमध्ये हाकन स्टातिन आणि मार्गारेट केर या दोघांनी चौदा वर्षांची मुलं आणि त्यांचे आई-बाप यांचा अभ्यास करून २००० साली एक निष्कर्ष मांडला. पोरगं कुठं असतं, काय करतं हे ज्या आई-बापांना ठाऊक असतं, त्यांना ते पाळत ठेवून कळलेलं नसतं. बहुतेक वेळा पोरानंच आपणहून सांगितलेलं असतं. पाळतीने मिळतं ते थोडंच. मी हे तुझ्या वडिलांनाही सांगणार आहे, काळजी करू नकोस. पण म्हणजे किल्ली थोडीफार तुझ्याही हातात आहे. सगळं सांग म्हणत नाही. न विचारता एखादी खरी गोष्ट सांग, लहानशी. गणितात किती पडले, बसमध्ये काय झालं, असलं काहीही. आणि समोरासमोर बसून सांगू नकोस, आपल्याकडच्या बापांना ते झेपत नाही. ठिबकची नळी गुंडाळताना सांग, बैलांना पाणी दाखवताना सांग. हात कामात असले की आपली माणसं ऐकतात.

आता दोस्त. तू त्या वांग्याच्या भरताच्या पार्टीचं जे लिहिलंस, ते तुला वाटतं त्याहून महत्त्वाचं आहे. शेतात कापसाच्या पऱ्हाट्या पेटवल्या, वांगी भाजायला घातली, बाटली निघाली. एकानं मास्तराला कसं उल्लू बनवलं ते सांगितलं, सगळे हसले. दुसऱ्यानं रेल्वेचं फाटक पडत असताना गाडी काढल्याचं सांगितलं, आणखी मोठा हशा. तू पहिला घोट घेऊन ठसकलास, तेव्हा तर टाळ्याच. मग एकजण म्हणाला की त्याचे वडील दवाखान्यात आहेत. कुणी काही बोललं नाही, कुणीतरी गाणं बदललं.

झालं ते एवढंच. कुणी कुणाला ‘ये, बिघडूया’ म्हणालं नाही. अमेरिकेत ओरेगॉनमध्ये टॉमस डिशन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तेरा-चौदा वर्षांच्या मुलांची मित्रासोबतची बोलणी चित्रित केली आणि हसू कुठं येतं ते बघितलं. नियम मोडल्याच्या गोष्टींवर जिथं हशा पिकत होता, तिथली मुलं पुढे नशेकडे आणि उपद्रवाकडे जास्त वळलेली दिसली. वाईट संगत म्हणतात ती अशी, हशाच्या हप्त्यानं चढते. म्हणून ‘हे पोरगं चांगलं की वाईट’ असं मी तुला विचारणार नाही. तुझ्या ग्रुपात कशाला हसतात आणि कशाला गप्प बसतात, ते महिनाभर बघ.

गाडीचंही तसंच. २०११ मध्ये फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठातल्या संशोधकांनी मुलांना गाडी चालवण्याचा खेळ दिला. दोस्त दुसऱ्या खोलीतून नुसते बघताहेत एवढं कळलं, तरी किशोरवयीन मुलांनी जास्त धोके घेतले. मेंदूतला बक्षिसाची चटक लागणारा भाग त्या वेळी जास्त जागा झालेला दिसला. मोठ्या माणसांत हा फरक पडला नाही. म्हणजे तुला मागे दोघं बसल्यावर जे ‘मोकळं’ वाटतं, ते ट्रक आल्यावर उपयोगाचं नाही. पण याच वयात सोबत्यांपुढे ठाम राहण्याची ताकदही वाढत असते, साधारण चौदा ते अठराच्या दरम्यान. तुझं अर्धं अंतर कापून झालंय. कायद्याचंही ऐकून ठेव. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन पोरानं गाडीवर गुन्हा केला तर पालक किंवा गाडीच्या मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि पोराला पंचविशीपर्यंत लायसन मिळत नाही. सोसायटीच्या कर्जात ही भर नको.

रात्री ज्या एका मित्राशी तू चॅट करतोस, तो चांगला आहे. फक्त रोज तेच दुःख तासन् तास उगाळलं तर दोस्ती घट्ट होते आणि मनही आणखी खचतं, हे अमांडा रोझ या संशोधिकेनं निदान मुलींच्या बाबतीत तरी दाखवलंय. अर्धा तास बोला, मग क्रिकेटवर या.

शिवाय घर आणि ग्रुप यांच्या मधलं एखादं मोठं माणूस असावं. आपल्या अमळनेरात प्रताप हायस्कुलात साने गुरुजी शिकवायचे आणि वसतिगृहातल्या पोरांकडेही बघायचे. तसे सगळ्यांच्या नशिबी नसतात, पण तुझा चोपड्याचा मामा आहे. मीही आहे.

एक गोष्ट स्पष्टच विचारतो, कारण आपल्या घरांत फवारणीचं औषध हाताशी असतं. जगूच नये असं कधी मनात येतं का? येत असेल तर सकाळची वाट बघू नकोस. मायला उठव, मला फोन कर, किंवा १४४१६ लाव. ती सरकारची टेलि-मानस सेवा आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. मुलांसाठी १०९८ ही आहे. आणि औषधं कुलपात ठेवायचं वडिलांना सांग. लहान भाऊ घरात आहे हे कारण पुरेसं आहे.

येत्या रविवारी पुन्हा पार्टी आहे म्हणतोस. नको जाऊ म्हणणार नाही, तू जाशीलच. एसटीनं जा, परत कधी येणार ते मायला निघतानाच सांग. आणि ज्याचे वडील दवाखान्यात होते, त्याला बाजूला घेऊन विचार की आता कसे आहेत.

तुझे,
सर